चॅटर्जीबाईंची चप्पल

“हे ते मुख नाहीच,” चंद्रकांत होडीतूनच म्हणाले आणि सुलभाने चमकून पुढे पाहिलं.

समोर चिलिका सरोवराचं पाणी वाळूच्या दोन पट्ट्यांमधून समुद्राला मिळत होतं. अलीकडे संथ, पलीकडे फेसाळ. मुख म्हणजे याहून वेगळं काय असतं? पण चंद्रकांतांनी मान हलवली ती हलवलीच. बँकेत खोटी सही दिसली की हलवायचे, अगदी तशी.

गेल्या महिन्यात ते दोनदा डमडम स्टेशनवरून घरी येताना वाट चुकले होते. इतक्या वर्षांची पायाखालची वाट! पुण्याहून मुलाचा, मंदारचा, फोन आला. “आई, बाबांना आता आठवत नाही, हे तू मान्य का करत नाहीस? फ्लॅट विका आणि इकडे या.” सुलभाला डमडम सोडायचं नव्हतं. बदलीवर आलेली माणसं ती, परत जायचं जायचं म्हणता तिथलीच झाली होती. म्हणून ती नवऱ्याला कलकत्त्याहून थेट इथे, ओडिशात सातपाड्याला घेऊन आली. इथलं जुनं सगळं त्यांना आठवलं, की मंदारचं तोंड बंद.

आणि हे बाबा म्हणतात, मुखच नाही.

“अहो, असं काय करता? मंदारच्या वेळी मला सातवा होता, तेव्हा इथंच आलो होतो ना?”

“इथं नाही. तिकडे, बरंच लांब.” त्यांनी डावीकडे हात केला.

“दादू ठीक बोल रहे हैं,” नावाडी म्हणाला. “पुराना मुहाना उधर था. बालू से भर गया. ये तो बाद में खुला.”

सुलभाला इतका आनंद झाला, की नावाड्यासमोरच तिने नवऱ्याचा गाल ओढला. “बघा! मग माझी चप्पल वाहून गेली होती, तेही आठवत असेल. तुम्ही गुडघाभर पाण्यात धावला होतात!”

चंद्रकांत गोंधळून तिच्याकडे पाहत राहिले.

“अगं, ती चॅटर्जींच्या बायकोची चप्पल. तू कुठे होतीस?”

“म्हणजे?”

“आम्ही बँकेतले लोक आलो होतो. तू बाळंतपणाला नगरला. परत आलीस तेव्हा सांगितलं तुला. केवढी हसली होतीस!”

सुलभा आता हसली नाही. तिला तो वारा आठवत होता. निळ्या पट्ट्याची चप्पल आठवत होती, अनवाणी तळव्याला बसलेला वाळूचा चटका आठवत होता. दुसऱ्याच्या गोष्टीत आपला तळवा कसा भाजेल? पण नगरचं डोहाळजेवणही तेवढंच स्वच्छ आठवत होतं. दोन्ही एकाच महिन्यात कसं? चॅटर्जी नवराबायको तर केव्हाच गेली. विचारायचं कुणाला?

धक्क्याला उतरताच मंदारचा फोन आला.

“आई, आठवलं बाबांना?”

“सगळं.”

“खरंच? मग फ्लॅटचं—”

“नंतर सांगते म्हटलं ना!” ती वसकन म्हणाली. तसं ती आधी काहीच म्हणाली नव्हती. तिला आता स्वतःच्याच आठवणीची भीती वाटत होती, आणि ती भीती मुलाला सांगण्यासारखी नव्हती.

चंद्रकांत तिच्या तोंडाकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, “अगं, आली असशील तू. माझ्या बोलण्यावर काय जातेस? मला हल्ली कुठे काय आठवतं!”

लहान मुलाची समजूत घालावी तसा त्यांचा आवाज होता. सुलभाला रडू आलं. सकाळपासून त्यांना सगळं आठवावं म्हणून तिने देवाला साकडं घातलं होतं. आता ते विसरले असावेत म्हणून घालू लागली.

बाहेर भाड्याच्या गाड्यांची रांग होती, सगळ्या पांढऱ्या.

“आपली कुठली गं?” त्यांनी विचारलं.

सुलभाने रांगेवरून दोनदा नजर फिरवली आणि अंदाजाने एका गाडीकडे बोट दाखवलं. ते निमूटपणे तिच्या मागून चालू लागले.