माझी खटखट

मी पिकअप बोलतोय. रंग पांढरा, म्हणजे एके काळी पांढरा. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या बॉनेटला दसऱ्याला लावलेल्या भंडाऱ्याची शपथ! आता तो भंडारा पुढच्याच धुण्यात वाहून गेला, हे वेगळं. आणि शब्द न् शब्द म्हणजे अगदी सगळेच शब्द, असंही नाही. एका ठिकाणी मी थोडी भर घातली आहे. कुठे, ते शेवटी सांगतो. तोवर सगळं खरं धरून चला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही सगळे एकसारखे, एका रांगेत उभे. आई कोण, बाप कोण, विचारायची सोय नव्हती. तिथून मी आलो बारामतीच्या एका भाजी व्यापाऱ्याकडे. तरुण होतो, अंगात रग होती. एकदा इंदापूरच्या रस्त्याला मी एसटीला मागं टाकलं. एसटी थांब्यावर उभी होती, पण टाकलं ते टाकलं. एकदा मालकानं पाठीवर इतके टोमॅटो लादले की माझी पुढची चाकं उचलली गेली आणि मी बारामतीच्या बाजारात उभ्या उभ्या उजनीचं पाणी बघून घेतलं. पाणी निळं होतं. विश्वास नसेल तर जाऊन बघा, अजून निळंच आहे.

पण त्या मालकाला माझा लळा नव्हता. गाडी नवी असते तेव्हा माणूस उतरून जाताना वळून बघतो. चार पावलं टाकून पुन्हा बघतो. काही दिवस जातात आणि एक दिवस तो न बघताच निघून जातो. तो दिवस गाडीच्या लक्षात राहतो, माणसाच्या राहत नाही.

मी जुना झाल्यावर मला अंथुर्ण्याच्या बिरदेवतात्यांनी घेतलं. तात्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. बाप-आजे कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. आता चारी बाजूंनी ऊस झाला, चरायला पड रान उरलं नाही, तसा कळपही आटत आटत ओंजळभर राहिला. तात्या थोडी शेती करायचे आणि उसाची तोड चालू झाली की मला घेऊन फडाफडांतून हिंडायचे. उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढं, माझ्या हौद्यात भरायचं आणि मेंढरांना आणून टाकायचं, हे माझं काम.

त्याच घरी माझ्या पुढच्या चाकांचे बुश गेले.

बुश म्हणजे काय, ते सांगतो. चाक ज्या लोखंडी आर्मला धरलेलं असतं, तो आर्म माझ्या सांगाड्याला जिथं जोडतात तिथं लोखंडाची नळी आणि तिच्याभोवती रबर बसवलेलं असतं. लोखंड लोखंडावर आपटू नये म्हणून. प्रत्येक खड्ड्याचा मार ते रबर स्वतः खातं आणि कुणाला कळू देत नाही. घरात असं एखादं माणूस असतंच. ते थकलं की मगच बाकीच्यांचा आवाज वाढतो.

माझं रबर झिजलं, फाटलं, आणि आवाज सुरू झाला. खड्डा आला की खट. उंचवटा आला की खट-खट. आमच्या रस्त्याला या दोन्हींचा तुटवडा नाही.

लाज वाटली सुरुवातीला. पण मग एक गंमत झाली. रस्त्यावरून दिवसभर पिकअप जातात, सगळ्यांच्या इंजिनाचा आवाज सारखा. खटखट मात्र माझी एकट्याची. कॅनॉलच्या वळणावर मी खट केलं की तिकडे बांधाला चरणारी काळतोंडी म्हातारी मेंढी मान वर करायची. तिनं मान वर केली की सगळ्यांच्या माना वर. मग धावत सुटायची सगळी, वाढ्यासाठी. घरात साखरकाकू, म्हणजे तात्यांची बायको, चुलीवर चहा टाकायच्या. "आलं बाई समर्थचं बा," म्हणायच्या. समर्थ हा त्यांचा मुलगा, बारामतीला कंपनीत कामाला.

वाढ्यासाठी असो की चहासाठी, मी आलो की कुणीतरी मान वर करायचं. आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही मी. एवढंच.

समर्थ सुट्टीला आला की कुरकुरायचा. "तात्या, गाडीचं बुश गेल्यात. टाकून घ्या की."

"कशाला?" तात्या म्हणायचे. "कळपातल्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात घंटा बांधत्यात, ठाव हाय न्हवं? ही गाडीची घंटा हाय. चालू घंटा कोन काढतं का रं?"

"घंटा न्हाय ती, बिघाड हाय."

"तुला कंपनीतलं कळतंय. मेंढरातलं कळत न्हाय."

हे फक्त मेंढपाळच बोलू शकतो. दुसरा कुणी असता तर मला गॅरेजला नेलं असतं. तात्यांनी मला कळपात धरलं होतं.

पण बुश फक्त वाजत नाहीत. चाकं तिरपी बसतात, टायर आतल्या बाजूनं झिजतात, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. एका दुपारी बारामतीहून तात्या आणि काकू परतत होते. कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याला एक म्हैस आडवी आली. तात्यांनी ब्रेक दाबला आणि मी डावीकडे ओढला गेलो, थेट पाण्याकडे. मुद्दाम नाही हो! माझं डावं चाक माझं ऐकतच नव्हतं. कडेच्या मुरमात कसाबसा थांबलो. काकूंच्या मांडीवरची कोथिंबीर सगळी काचेवर.

म्हैस शांतपणे निघून गेली. काकू खाली उतरल्या, पदर खोचला.

"हिचं बुश का काय ते घालत न्हाय तवर मी ह्या गाडीत बसनार न्हाय."

"अगं, ऊन किती हाय! बस की आत."

"उनानं मानूस बुडत न्हाय."

आणि त्या चालत निघाल्या. मी त्यांच्या मागून हळूहळू, खट, खट करत, ओशाळलेल्या कुत्र्यासारखा.

दुसऱ्या दिवशी आम्ही बारामतीला, रावजी मिस्त्रीच्या गॅरेजात. काकू मुद्दाम बरोबर आल्या. एसटीनं. तात्यांच्या बोलण्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

रावजीनं मला जॅकवर घेतलं, पुढची चाकं काढली, पहारीनं आर्म हलवून बघितला. आर्म असा हलला की मलाच कसंसं झालं.

"तात्या, ह्यात रबर हुतं का नुसतीच आठवन?"

"वाजत हुतं थोडं."

"थोडं? तुमी वेशीत आला की आमी हितं वळखायचो."

बोल्ट गंजून नळीत धरले होते. रावजीनं तेल सोडलं, हातोडा घातला, शिव्या घातल्या, पुन्हा तेल सोडलं. बोल्ट शिव्यांनी निघाले असं माझं मत आहे. आर्म खाली आले. प्रेसवर धरून त्यानं जुने बुश बाहेर ढकलले. काळे, चिरा पडलेले, एका बाजूनं पार चेपलेले. इतकी वर्षं मी यांच्या जिवावर चाललो आणि त्यांचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तात्या वाकून बघत होते. मग हळूच, काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "रावजी, डावीकडला एक ऱ्हाऊ दे जुना."

"का?"

"वाजू दे थोडा. मेंढरं वळखत न्हायती रं त्याबिगर."

रावजी हसायला लागला. "तात्या, घंटा पायजे तर बाजारात मिळती. जीव मिळत न्हाय."

बाकड्यावरून काकूंचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. "सगळं बदला, मिस्त्री. एकबी ठिवायचा न्हाय. मेंढरास्नी मी हाक मारीन."

नवे बुश बसले. पण रावजीनं बोल्ट लगेच आवळले नाहीत. चाकं लावून मला आधी जमिनीवर उतरवलं, मग खाली शिरून पाना लावला.

"वरच आवळायचं की," तात्या म्हणाले. "खाली वाकायचा ताप कशाला?"

"चाक लोंबतं असताना आवळलं तर खाली टेकल्यावर रबर पिळतं आन् फाटतं. ज्या वज्झ्याखाली ऱ्हायचंय, त्या वज्झ्याखालीच आवळायचं."

मला ते पटलं. गाडीपेक्षा माणसांना जास्त लागू आहे, पण माणसांचे बोल्ट कोण आवळणार?

रावजी जुने बुश भंगाराच्या डब्यात टाकायला निघाला. तात्यांनी हात पुढे केला. "हिकडं दे." धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांनी ते माझ्या डॅशबोर्डच्या खणात ठेवले.

येताना मी लोण्यासारखा चाललो. काकू शेजारी निवांत. खड्डा आला, आवाज नाही. उंचवटा आला, आवाज नाही. मला वाटलं मीच बहिरा झालो. कॅनॉलच्या वळणावर माझं सगळं लक्ष बांधाकडे. काळतोंडी चरत होती. मी जवळ गेलो, अगदी जवळ. ती चरतच राहिली. तात्यांनी हॉर्न दिला, तर अख्खा कळप बुजून उसात शिरला. मग काकू उतरल्या, हाका मारमारून घसा बसला, तेव्हा कुठे बाहेर आली सगळी. माझ्याकडे अशी बघत, की हा कोण पाहुणा?

मग काय झालं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी खण उघडला. जुन्या बुशांच्या लोखंडी नळ्या तारेत ओवल्या आणि तार माझ्या बंपरखाली बांधली. मी निघालो आणि काय तो आवाज! खट-खट, खण्ण, खट-खट. काळतोंडीनं मान वर केली. तिच्यामागे सगळ्यांनी. अशी धावत आली की विचारू नका. लासुर्ण्याची मेंढरं आली. इंदापूरच्या बाजारात विकायला बांधलेला एक एडका दावं तोडून आला. काकू दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्या सगळ्यास्नी घाला आता चहा!" आणि स्वतःच हसल्या. ब्रेक सरळ, चाक सरळ, आवाज जागेवर. सगळ्यांचं सगळं भागलं.

इथं थांबलो असतो तर बरं होतं. पण सांगेन म्हणालो होतो. ही तार मी रचली. एडक्याचं तर तुम्हाला कळलंच असेल, पण तारही खोटी. कुणी खण उघडला नाही.

तात्या "बांधू, बांधू" म्हणत राहिले. आज तार नाही, उद्या पक्कड नाही. वाढं घेऊन आलो की ते स्वतः खाली उतरून मेंढरांना साद घालायचे आणि मी मागे मुकाट उभा. मग त्यांचे गुडघे धरले. समर्थनं कळप विकला. काळतोंडी माझ्याच हौद्यातून बाजारात गेली. तिला माहीत नव्हतं, ती कुणाच्या पाठीवर उभी आहे.

मेंढरं नाहीत, मग वाढं कशाला, आणि वाढं नाही तर मी कशाला? सांगवीचे इंद्रजितराव मला बघायला आले. गावात एक चक्कर मारली. "अजिबात आवाज न्हाय की ओ गाडीला!" म्हणाले. त्याच गुणावर मी विकला गेलो. तात्यांनी चावी दिली आणि आत गेले. वळून बघितलं का? सांगत नाही.

आता मी सांगवीत दुधाचे कॅन वाहतो. मालक चांगले आहेत. धुतात, तेलपाणी बघतात. संध्याकाळी गोठ्याशेजारी उभा करतात. गाई माझ्याकडे बघत नाहीत. त्यांचं काही चुकत नाही, कॅनमधून दूध जातं, येत काही नाही.

मागच्या महिन्यात इंदापूरला जायचं निघालं. वाटेत अंथुर्णे. रस्ता आता रुंद झालाय, गुळगुळीत. घराजवळ आलो. लिंबाखाली बाजेवर तात्या बसले होते, पाय लांब करून. ओट्यावर काकू काहीतरी निवडत होत्या. रस्त्यावरून पिकअप जात होत्या. त्यांतलाच एक मी. हात लांब केला असता तर तात्यांचा हात लागला असता, इतक्या जवळून गेलो. इंद्रजितरावांना काय ठाऊक? ते गाणं ऐकत होते.

कुणी मान वर केली नाही.

त्या घरापुढे कुणीतरी नवा गतिरोधक घातलाय. त्याच्यावरून माझी पुढची चाकं चढली, उतरली, आणि डॅशबोर्डच्या खणात टक्कन वाजलं. ते बुश अजून तिथंच आहेत. जुनी फडकी आणि कागदांच्या खाली. नव्या मालकानं कधी तळापर्यंत हात घातला नाही. आवाज इतका बारीक की गाण्यात मालकांनाही ऐकू आला नाही, बाहेर कुठला जायला?

एवढं एक सांगायचं होतं. कधी माझा खण साफ करायला घेतलात, इंद्रजितराव, तर ते काळे फाटके तुकडे भंगार म्हणून टाकू नका. राहू द्यात. आणि बाकीच्यांनो, तुमच्या दारावरून एखादी गाडी आवाज न करता गेली, तरी एकदा मान वर करून बघा. ओळखीची निघाली नाही तर नाही. गाडीला तेवढंच पुरतं.