चाळिसावर अडलेली सुई

मित्रांनो, माझी सुई चाळिसावर येऊन अडली आहे. सगळे म्हणतात, गंज चढलाय. म्हणोत बापडे! मी एक जुना तानकाटा आहे, वजन तोलणारा स्प्रिंगचा काटा, ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढपाळाच्या शेडमध्ये तुळईला टांगलेला. सुई का अडली ते मला ठाऊक आहे.

माझी तबकडी पितळेची. नवा होतो तेव्हा चकाकायचो. आल्बी केसेल या मळ्याच्या मालकानं मला इथे टांगलं, त्याला चाळीस वर्षं झाली. दर शनिवारी कोकरं झोळीत घालून माझ्या हुकाला लटकवायची. सुई पुढे सरकली की आल्बी खूश. "शाब्बास रे पठ्ठ्या, भर अंगात!" कोकरू जितकं झटपट जड होईल तितकं चांगलं, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. मीही त्या कौतुकाला चटावलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग लागोपाठ दोन वर्षं रानकुत्र्यांनी कोकरं फाडली. म्हणून आल्बीची मुलगी जेनीन एक पांढरं पिल्लू घेऊन आली. ती शहरात जनावरांच्या दवाखान्यात काम करते. पिल्लू मेंढ्यांची राखण करणाऱ्या जातीचं होतं. आल्बीनं त्याचं नाव ठेवलं बिशप. पुढच्या ऑगस्टात मेंढ्या व्यायच्या, तोवर त्याला पळण्याजोगा तयार करायचा होता.

"हे पंजे बघ! घोडा होणार घोडा!" आल्बी म्हणाला.

"बाबा, पंज्यांवर जाऊ नका. त्याचे आईबाप चाळीस किलोचे आहेत. हाही तेवढाच होईल. मोजून खायला घाला. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत."

"बरगड्या लागल्या तर लोक म्हणतील, आल्बी कुत्र्याला उपाशी मारतो!"

झालं. कोकरांची दुधाची पावडर, उकडलेलं मटण, वर हाडांची भुकटी. दर शनिवारी बिशप माझ्या झोळीत बसायचा, शेपटी बाहेर काढून हलवायचा. गुणी लेकरू होतं हो ते!

पाचव्या महिन्यात मी तीस दाखवले. या वयातल्या वजनाची दुप्पट केली की मोठेपणीचं वजन साधारण कळतं, हे आल्बीनं जेनीनकडूनच ऐकलं होतं. तो नाचायचाच बाकी होता. "साठ! साठ किलोचा होणार माझा बिशप!" आणि साठ किलोच्या कुत्र्याला लागेल तेवढं तो पिल्लाला घालू लागला. तीसपैकी दहा किलो नुसती चरबी होती. मी वजन खरं सांगितलं, पण ते कशाचं होतं हे मला कुठे सांगता येतं?

आठव्या महिन्यात बिशपचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले. तो उठताना कण्हायचा. जेनीननं त्याची कोपरं चाचपली.

"बाबा, हे कोकरू नव्हतं हो. कोकराला चार महिन्यांत कापायचं असतं. याला बारा वर्षं चालायचं होतं. वजन पुढे धावलं, हाडं मागे राहिली."

त्या दिवसापासून आल्बी खाणं वाटीनं मोजू लागला. वजन उतरत गेलं, पण वाकलेले पाय सरळ झाले नाहीत.

ऑगस्ट आला. मेंढ्या व्यायल्या. आल्बीनं बिशपला शेडमध्ये बांधून ठेवलं होतं. एका पहाटे कुंपणाकडून मेंढ्यांचा आकांत ऐकू आला. बिशपनं दोरी तोडली. तो धावला नाही मित्रांनो, त्याला धावताच येत नव्हतं. छाती घासत, खुरडत तो माझ्यासमोरून बाहेर गेला. आपलं काम त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

उजाडल्यावर आल्बी त्याला हातांवर घेऊन आला. रानकुत्र्यांनी गळा फोडला होता. अकरा कोकरं गेली होती.

जेनीन येईपर्यंत आल्बी त्याच्याजवळ बसून होता. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यानं बिशपला झोळीत ठेवलं आणि माझ्या हुकाला लावलं. या वेळी शेपटी हलली नाही. सुई थरथरली आणि चाळिसावर थांबली.

"त्याच्या आईबापाएवढाच," आल्बी म्हणाला. "तू सांगितलं होतंस, पोरी."

"दुसरं पिल्लू आणू का, बाबा?"

"नको. माझ्या हाताला फक्त कोकरं कळतात."

बिशपला उतरवलं तरी सुई चाळिसावरच राहिली. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. मेंढ्या विकल्या गेल्या. कोळ्यानं माझ्या हुकात जाळं विणलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू आलं तर त्याला जरूर तोला, पण आकडा वाढला म्हणून टाळ्या पिटू नका. आधी त्याच्या आईबापांकडे बघा. त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा. ते हळूहळू वाढलं तरी चालेल, त्याला मोठं होऊन पळू द्या. माझ्या बिशपला एकदाच पळायचं होतं.