बालीत अडकलेला भाऊ

वडिलांच्या, मारोतरावांच्या, हृदयाचं ऑपरेशन ठरलं तसा कांतानं पुण्याला भावाला फोन लावला.

"ताई, हैदराबादला ऑडिट आहे. पंधरा दिवस छुट्टीच नाही भेटत," अरुणकुमार म्हणाला. "तू आहेस ना."

कांता होती. आई गेल्यापासून तीच होती. भिलाईच्या स्टील प्लांटच्या ऑफिसात कारकुनी करायची आणि रिसालीच्या घरी वडिलांचं सगळं पाहायची. पण ऑपरेशनच्याच दिवशी नागपूरला तिच्या मुलीचा, प्रांजलीचा, नर्सिंगचा पदवीदान समारंभ होता. खानदानातली पहिली नर्स. ऑपरेशन आठ दिवस पुढं ढकललं तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिनं वडिलांना विचारलं.

मारोतरावांचा चेहरा उतरला. "मले भेव वाटते, कांता. आता मन तयार झालं तं होऊन जाऊ दे. तू जवळ पाहिजे."

मग विषयच संपला. "ठीक आहे, आई," प्रांजली फोनवर म्हणाली. आणि तिनं लगेच फोन ठेवला.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी मारोतरावांना वॉर्डात आणलं. दुपारी कांता त्यांच्यासाठी मोसंबीचा रस काढत होती. भिंतीवरच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. इंडोनेशियात ज्वालामुखी फुटला होता, राख आभाळात मैलोन्‌मैल पसरली होती, बालीची विमानं रद्द झाली होती.

"दो दिन से बैठे हैं. बच्चे परेशान हैं. कोई कुछ बताता ही नहीं."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून तिनं मान वर केली. फुलाफुलांचा शर्ट घातलेला अरुण माइकपुढं तावातावानं बोलत होता. मागं बॅगेवर त्याची बायको हिरा बसली होती, मांडीवर धाकटी झोपलेली.

कांतानं वळून वडिलांकडं पाहिलं. मारोतरावांना नवल वाटलेलं नव्हतं. ते चादरीचं टोक चिमटीत धरून खाली बघत होते.

"तुमाले माहीत होतं, बाबा?"

त्यांनी चादरीचं टोक सोडलं. मग म्हणाले, "त्याचे तिकीट पहिलेच काढून होते. लेकरं आस लावून होते. मीच म्हटलं, जाय. अन् ताईले सांगू नको म्हटलं."

"कावून?"

"तुले समजलं असतं, तं तूबी नागपूरले गेली असती."

कांतानं रस गाळला. ग्लास वडिलांच्या ओठाला लावला आणि संपेपर्यंत धरून ठेवला. मग व्हरांड्यात जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली. अरुणवरचा राग तिला नवा नव्हता, अरुण लहानपणापासून असाच निसटायचा. पण बापानं दोन लेकरं तराजूत घातली होती आणि तिच्या पारड्यात तिची लेक बसलेली त्याला दिसलीच नव्हती.

संध्याकाळी अरुणचा फोन आला. "ताई, बाबा कसे आहेत? इकडं ऑडिटचं काम अजून निपटून नाही राहिलं."

तिनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "राख खाली बसली का?"

पलीकडून नुसतं "अं?" आलं.

"टीव्हीवर पाहिलं मी तुले. विमान उडलं का, पुण्याले नको जाऊ. सीधा भिलाईले ये."

राखेनं त्याला आणखी तीन दिवस अडकवलं. ते तीन दिवस कांतानं वडिलांची पथ्यं पाळली, मलमपट्टी करवून घेतली, पाठ पुसून दिली. बोलली मात्र कामापुरतंच. मारोतरावांनी दोनदा जुन्या गोष्टी काढून पाहिल्या. तिनं दोन्ही वेळा गोळ्या पुढं केल्या.

चौथ्या दिवशी अरुण वॉर्डात आला, उन्हानं रापलेला. "ताई, ऐक तर," असं त्यानं सुरू करताच तिनं गोळ्यांच्या वेळांचा कागद त्याच्या हातात दिला आणि पिशवी उचलली.

"वापस कवा येशील, कांता?" मारोतरावांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. बापाला असं उत्तर तिनं जन्मात दिलं नव्हतं.

प्रांजलीकडं जायला दुर्गला तिनं नागपूरची गाडी पकडली. गोंदिया मागं पडल्यावर अरुणचा फोन आला. पिवळी गोळी जेवणाआधी की नंतर? तिनं सांगितलं. मग फोन मारोतरावांनी घेतला. "कांता," ते म्हणाले. ती थोडा वेळ त्यांचा श्वास ऐकत राहिली.

मग तिनं फोन बंद केला.