रिकाम्या बंदुकांचं मैदान

वेनी गुंबानने पिस्तूल चालवायला शिकायचं ठरवलं, तेव्हा ते कशासाठी हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ लांदो कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्याबाहेर मारला गेला होता. चार गोळ्या, सगळ्या समोरून. आखाड्यात त्या दुपारी तीनशे माणसं होती, आणि साक्षीला एकही उभं राहिलं नाही. मारणारा इसागानी हौदार. पोलिसांतून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला, आणि आमच्या नेमबाजी क्लबातला सगळ्यात वेगवान माणूस.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, रसाची गोडी मोजते. रविवारी क्लबात रेंज ऑफिसर असते. म्हणजे नेमबाजाच्या हातभर अंतरावर, त्याच्या पिस्तुलाच्या बाजूला, टायमर घेऊन चालायचं आणि निशाण्याकडे नाही, त्याच्या हाताकडे बघायचं. निशाणे नंतरही मोजता येतात.

वेनीला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण लांदोची बायको तेसिंग, जिला आम्ही मोठी म्हणून नांग म्हणतो, स्वतः माझ्या दारात आली. धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी ती म्हणाली, "तो शिकणारच आहे, इंदाय. कुणाकडे तरी शिकेल. तुझ्याकडे शिकला तर निदान तुझी नजर राहील." मग पायऱ्या उतरताना वळून म्हणाली, "एक पुरुष त्या माणसाने नेला. दुसरा तुरुंगाने नेऊ नये, एवढं बघ."

मी क्लबाचे प्रमुख नोंग पिदोंग यांच्याकडे गेले आणि वेनीला सदस्य करून घेऊ नका म्हणून सांगितलं. वयाने मोठे, म्हणून नोंग. पेशाने सुतार. मॅचसाठी लागणारे सगळे लाकडी दांडे, चौकटी, खोट्या खिडक्या त्यांच्याच हातच्या. ते रंधा मारत राहिले. म्हणाले, आपल्या मैदानावर पन्नास बंदुका असतात आणि सगळ्या रिकाम्या. गोळ्या भरलेली मॅगझिनं पट्ट्याला, पिस्तूल रिकामं होल्स्टरमध्ये, आणि तू सांगितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. या दोघांसाठी जिल्ह्यात याहून सुरक्षित जागा मला दाखव.

मला दाखवता आली नाही.

वेनी वर्षभर शिकला. तो उसाच्या ट्रकवर मजूर होता, हात खरबरीत, पण मॅगझिन बदलताना ते हात पाण्यासारखे चालायचे. मी त्याला वेगापेक्षा थांबायला जास्त शिकवलं. पळता पळता, दोन गोळ्यांच्या मध्ये, कधीही मी "थांब" म्हणायची, आणि त्याचं बोट घोड्यावरून बाहेर, नळी खाली. सुरुवातीला तो चिडायचा. "काय इंदाय, आत्ता कुठे लय लागली होती." मी पुन्हा तेच करायची. पावसाळा संपेपर्यंत असं झालं, की माझा शब्द अर्धा तोंडात असायचा आणि त्याचं बोट बाहेर आलेलं असायचं. त्याला त्याचं हसू यायचं. मला नाही. मी ते एवढ्यासाठीच करत होते.

ऊसतोडीच्या हंगामातली पहिली मॅच जुन्या चुनखडीच्या खाणीत होती. तीन बाजूंना खाणीचे कडे, चौथ्या बाजूला गाड्या आणि ताडपत्री. गटवारी लागली तेव्हा वेनी आणि हौदार एकाच गटात निघाले. मी नोंग पिदोंगना बदल करायला सांगायला गेले, तर हौदार तिथेच उभा होता. वेनीला आपल्या गटात त्यानेच मागून घेतलं होतं.

"राहू दे, इंदाय," तो म्हणाला. "तोतो माझ्याकडून काहीतरी शिकेल." लहान पोरांना आमच्याकडे तोतो म्हणतात.

पहिल्या फेरीत वेनीच्या निशाण्यांतला एक लोखंडी पत्रा पडायचा राहिला. हौदार मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, पत्रा परत गोळी झाडत नाही, तोतो, घाई नको. काही जण हसले. जे हसले नाहीत त्यांनी आपले बूट बघितले.

हौदारची एक वाईट खोड होती. नियम असा, की कुठल्याही नेमबाजाची फेरी संपली की तो मॅगझिन काढतो, चेंबर उघडून मला दाखवतो, मी बघते, मग तो निशाण्यांमागच्या मातीच्या बांधाकडे नळी धरून घोडा पाडतो. रिकामा टक् आवाज होतो. पिस्तूल होल्स्टरमध्ये जातं आणि मग मी "मैदान मोकळं" म्हणते. त्यानंतरच बाकीच्यांनी पुढे जाऊन निशाण्याच्या पुठ्ठ्यांची भोकं मोजायची आणि त्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या. हौदार मात्र टक् ऐकला की माझ्या शब्दाची वाट न बघता निघायचा. मी त्याला त्या सकाळीही हटकलं. तो म्हणाला, मी या खाणीत गोळ्या झाडत होतो तेव्हा तू लंगोटात होतीस.

दुपारी ताडपत्रीखाली जेवण होतं. केळीच्या पानावर भात आणि भाजलेली कोंबडी. हौदार वेनीच्या समोर येऊन बसला. कोंबडीची तंगडी सोलत, अगदी सहज आवाजात म्हणाला, "मॅगझिन बदलायला तुला फार वेळ लागतो. तुझा भाऊ पण असाच सावकाश. त्याचा हात शर्टाच्या आतसुद्धा पोचला नव्हता."

वेनी टेबलावरूनच त्याच्या अंगावर गेला. भात, पानं, सॉसच्या बाटल्या, सगळं खाली. त्याने हौदारचे कान धरून त्याचं डोकं बाकाच्या कडेवर दोनदा आपटलं. हौदारने खालून कोपर मारलं, वेनीचा ओठ दातापर्यंत फाटला. दोघांच्या कमरेला पिस्तुलं होती आणि कुणीही त्यांना हात लावला नाही, हे मी बघितलं. दंतवैद्य बेबोत आणि आणखी दोघांनी मिळून त्यांना सोडवलं, तेव्हा वेनीच्या मुठीत हौदारचे केस होते.

नियम स्पष्ट आहे. अशा वर्तनाला दोघंही बाद. मी नोंग पिदोंगना बाजूला घेतलं आणि निदान वेनीला तरी घरी पाठवा म्हटलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "घरी पाठवला तर संध्याकाळी तो भरलेलं पिस्तूल घेऊन हौदारच्या अंगणात जाईल. इथे तो तुझ्या हाताशी आहे. दोन फेऱ्या उरल्या आहेत. संपव, मग मी स्वतः त्याला तेसिंगकडे सोडतो." तिकडे हौदार रुमालाने कपाळ पुसत लोकांना सांगत होता, पोरगं आहे, राहू द्या, माझी तक्रार नाही.

मी विचार केला आणि मला नोंग पिदोंगचं म्हणणं पटलं. मला भीती एवढीच होती, की पिस्तूल भरलेलं असताना वेनी मागे वळेल. मागे गट उभा असतो, हौदार त्यातच. वळायला शरीर फिरवावं लागतं, आणि मी हातभर अंतरावर असते. मनगट धरायला तेवढा वेळ पुरतो. मी त्याची तयारी ठेवली.

पुढच्या फेरीत वेनी असा धावला, की मी त्याच्यामागे धडपडत होते. ओठातून रक्त हनुवटीवर, शर्टावर. खिडकीतून दोन पुठ्ठे, टायरांच्या रांगेमागून तीन, शेवटी पत्रे. एकही चुकला नाही. मी म्हटलं, संपलं असेल तर रिकामं करा, दाखवा. त्याने मॅगझिन काढलं, चेंबर उघडला. आत मी नीट बघितलं. रिकामा होता. टक्.

हौदार माझ्या डाव्या बाजूने पुढे निघून गेला, चिकटपट्ट्यांचं बंडल हातात घेऊन, पहिल्या पुठ्ठ्याकडे. त्याची पाठ आमच्याकडे होती.

आणि मला तेव्हा दिसलं, की वेनीला वळायची गरजच नव्हती. हौदार स्वतः चालत पिस्तुलासमोर गेला होता. नळी जिकडे असायला हवी तिकडेच होती. वेनीचा डावा हात पट्ट्याकडे गेला. मॅगझिन आत बसल्याचा आवाज, स्लाइड पुढे आल्याचा आवाज, दोन्ही इतके जवळ जवळ, की वर्षभर घासलेला सराव त्यात ऐकू येत होता. नळी वर आली.

"थांब!"

त्याचं बोट बाहेर आलं. नळी खाली गेली, बुटांपुढच्या चुन्याकडे. मी त्याला हात लावला नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, कुणी दुसऱ्याचा हात आपल्या खांद्याला बसवून दिल्यासारखा. तोंड उघडं होतं. ती नळी पुन्हा उचलायचा त्याने प्रयत्न केला असं मला वाटत नाही.

हौदार वळला. त्याला भरलेलं पिस्तूल दिसलं आणि खाली केलेली नळीही दिसली. दिसली, हे मी शपथेवर सांगते, कारण त्याची नजर वेनीच्या हातावर खाली गेली आणि मग वर आली. त्याने पट्ट्या टाकल्या, पिस्तूल काढलं, मॅगझिन ठोकलं, स्लाइड ओढली आणि दोन गोळ्या झाडल्या. एका निशाण्यावर दोन, पुठ्ठ्यावर झाडतो तशा. पहिली वेनीच्या जांघेत वर, कमरेच्या सांध्याजवळ लागली. दुसरी त्याच्या कोपराखालच्या हातातून आरपार गेली आणि माझ्या मागची टायरांची रांग फाडून गेली. वेनी बसला, मग आडवा झाला. त्याचं पिस्तूल चुन्यात पडलं, बोट अजून सरळच.

मागचा गट जमिनीवर पालथा झाला होता. हौदार पुढे आला. तिसरी डोक्यात घालायला येतोय हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं. माझ्या हातात फक्त टायमर होता. तो मी त्याच्या तोंडावर फेकला. गालाचं हाड फुटल्यासारखा आवाज आला, गोळी कड्यावर गेली आणि दगडाचे तुकडे आमच्यावर पडले. तेवढ्यात नोंग पिदोंग आले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याच्या चौकटीचा दांडा होता. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेल्या त्या माणसाने तो दोन्ही हातांनी हौदारच्या मनगटावर मारला, पिस्तूल पडल्यावरही मारला, कोपरावर, गुडघ्यावर, हौदार खाली पडल्यावर पाठीवर. दांडा मोडला तर मोडक्या टोकाने मारला. बाकीचे उठून धावले. मला वाटलं ते त्यांना आवरायला धावले आहेत. त्यांनी जमिनीवरचे दुसरे दांडे उचलले.

मी ते पुढे बघितलं नाही. मला रक्त दिसत होतं. गडद नाही, लाल, आणि ठोक्यांबरोबर येणारं. मोठी धमनी. जागा इतकी वर होती, की पट्टा आवळायला वाव नव्हता. मी मूठ वळून जांघेत घातली आणि माझं सगळं वजन तिच्यावर टाकलं. रक्त येणं कमी झालं, थांबलं नाही.

बेबोतने त्याचा छोटा ट्रक उलटा घेत आणला. आम्हाला दोघांना एकत्रच उचललं, कारण मी मूठ काढत नव्हते. मागच्या उघड्या भागात मी वेनीवर गुडघे रोवून बसले. शहराच्या हॉस्पिटलचा रस्ता उसाच्या ट्रकांनी भरलेला होता. बेबोत भोंगा दाबून धरत, चाकं बांधाखाली घालत, कापलेल्या शेतांतून गाडी हाकत होता. प्रत्येक खड्ड्याला माझी मूठ सरकायची आणि गरम रक्त मनगटापर्यंत यायचं.

वेनी शुद्धीवर आला. "तो मेला?"

मी म्हटलं, नाही. आम्हाला ट्रकमध्ये चढवताना मला तो कण्हताना ऐकू आला होता.

"मग हात काढ."

मी काढला नाही. त्याने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि ओढलं. त्याच्यात अजून जोर होता, ट्रकवर ऊस फेकणाऱ्याचा जोर. मूठ अर्धी बाहेर आली. मी डाव्या हाताने त्याच्या तोंडावर बुक्की मारली, फाटलेल्या ओठावरच. त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. त्याने पुन्हा ओढलं, मी पुन्हा मारलं, आणि त्याचा हात सुटला तसा गुडघ्याखाली दाबून धरला.

तो रडत होता. म्हणाला, "वर्षभर मी घाम गाळला. आणि हा हात तुझं ऐकतो. माझं नाही ऐकत."

मी त्याला सांगितलं, की त्याने एकही गोळी झाडलेली नाही, बोट बाहेर होतं, नळी खाली होती, आणि हे मी पोलिसांसमोर, कोर्टासमोर, हौदारच्या सगळ्या जुन्या साथीदारांसमोर सांगणार आहे. लांदोच्या वेळी मी बघितलं असं म्हणणारं कुणी नव्हतं. या वेळी मी हातभर अंतरावर होते. हौदारला तुरुंगात पाठवायला तो स्वतः जिवंत हवा आणि एक साक्षीदार हवा, आणि साक्षीदार आहे.

तो ऐकत होता की नाही कळेना. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता, नाकाभोवती निळसर. गुडघ्याखालचा हात सैल झाला. आता तो माझ्याशी भांडत नव्हता, आणि ते भांडण्यापेक्षा वाईट होतं. मूठ माझी सुन्न झालेली, तिच्याखाली ठोका आहे की गाडीचा हादरा आहे हे मला सांगता येईना.

"वेनी, शिव्या दे," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले नाहीत.

"मला दे. मी तुझा नेम घालवला. दे."

ओठ हलले. आधी आवाज नव्हता. मग त्याने मला कुत्री म्हटलं, अगदी हळू. मी म्हटलं, ऐकू नाही आलं. त्याने पुन्हा म्हटलं. मग कारखान्याची कुत्री. मग मी ज्या बाकावर बसून रस मोजते त्या बाकाला, मग मला जन्म देणाऱ्या आईला. पुढून बेबोतने ओरडून विचारलं, काय चाललंय मागे, आणि वेनीने त्याला, त्याच्या गाडीला आणि त्याने उपटलेल्या सगळ्या दातांनाही एक शिवी दिली. मध्येच तो गप्प व्हायचा. मी मूठ आणखी खोल रोवायची, वेदनेने तो कळवळायचा आणि पुढची शिवी यायची.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर घेऊन माणसं धावत आली. माझी मूठ उघडेना, म्हणून मलाही त्याच्याबरोबर वाकूनच आत पळावं लागलं. तोपर्यंत तो माझ्या बापाला संपवून आजोबांवर आला होता.