भामाच्या दातांवरची तार

पहिला तुकडा

मित्रांनो, मी पोलादाची एक जुनी तार आहे. मला कापून काढले, म्हणून तुकड्यातुकड्यांनीच सांगते.

साल एकोणीसशे छप्पन्न. पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला भामाच्या वरच्या दातांवर बसवले. भामा हैबतीबाबांची लेक. वेल्ह्याच्या वरच्या वाडीत त्यांची गुरे होती. तिचे पुढचे दात इतके बाहेर, की ओठ मिटत नसत. पाणवठ्यावरच्या पोरी म्हणत, "भामे, दात आत घे, उन्हानं वाळतील!" दसऱ्याला तिला बघायला पाहुणे यायचे होते.

डॉक्टरांनी बजावले, "दर महिन्याला या. दात हळूहळूच सरकतो. घाई केली तर मूळ झिजते. आणि रोज नीट घासा, नाहीतर कीड लागेल."

दुसरा तुकडा

माझे टोक तिच्या गालाला टोचे. भाकरीचे कण माझ्याखाली अडकत, हिरड्या सुजत. तरी ती रोज ओठ मिटून पाही. आज थोडे अधिक मिटले, असे तिला वाटे. मला अभिमान वाटे.

आषाढात कानंदी नदीला पूर आला. वाट बंद. पुण्याची खेप चुकली, मग दुसरीही.

हैबतीबाबा खोंडांची शिंगे दोरीने आवळून सरळ करण्यात नावाजलेले. मला पिळायला त्यांनी स्वतःच चिमटा हातात घेतला.

"आबा, डागदर नगं म्हनलेत."

"डागदरानं कदी खोंड बघितलाय का? शिंग वळतं, मग दात का न्हाई वळायचा? आ कर."

"दुकतंय, आबा!"

"दुकनारच की. सोस, बाय. पाव्हण्यांनी तुला हसताना बघाया पायजे."

ते मला पिळत गेले. पुन्हा पुन्हा. तारेला नाही म्हणता येत नाही.

तिसरा तुकडा

पाऊस ओसरला तसे हैबतीबाबा भामाला पुण्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी मला कापले. भामाने आरशात पाहिले. दात एका ओळीत आले होते! तिने हसून बोट लावले.

दात हलले.

"मुळे झिजलीत," डॉक्टर म्हणाले. "पुढचे दोन राहणार नाहीत."

हैबतीबाबांनी स्वतःचे तोंड उघडले. "माजं काडा, डागदर. तिला बसवा."

डॉक्टरांनी माझे तुकडे त्यांच्या हातात ठेवले.

मित्रांनो, तोंडात तार असेल तर ती स्वच्छ ठेवा. ठरल्या दिवशी डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू देऊ नका, मायेचासुद्धा.

माझे तुकडे आता हैबतीबाबांच्या पानतंबाखूच्या चंचीत असतात. जेवायला बसले की ते आधी भामाची भाकरी दुधात कुस्करतात. ती मान खाली घालून खाते. तिचे खाणे संपेपर्यंत त्यांच्या ताटातली भाकरी तशीच असते.