मागे घेतलेला अर्ज

एकोणीस वर्षं नर्स म्हणून राबल्यावर, त्रेचाळिसाव्या वर्षी तिने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. लेकीसोबतच तिने अर्ज भरला. दोघी एकाच टेबलावर अभ्यासाला बसत. मुलाखतीचं बोलावणं मात्र फक्त लेकीला आलं. आई कॉलेजात चौकशीला गेली, तर कारकून म्हणाला, "बाई, तुम्हीच अर्ज मागे घेतलात ना!" त्याने पत्र दाखवलं. खाली नाव तिचं होतं, अक्षर लेकीचं.

घरी लेक मान खाली घालून म्हणाली, "एकाच वर्गात आई? माझं हसं झालं असतं गं."

"मग तोंडावर सांगायचंस. मी वर्षभर थांबले असते."

लेकीला रडू कोसळलं, पण आईने तिला जवळ घेतलं नाही. पुढच्या वर्षी आईला दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. लेकीला ते शेजारणीकडून कळलं.