चौदावी वस्तू

माझं काम म्हटलं तर एका बोटाचं. शिट्टी वाजली की घड्याळाचं बटण दाबायचं, आणि हेडफोनमधून पलीकडचा माणूस "ऐकू येतंय" म्हणाला की पुन्हा दाबायचं. मधला वेळ कागदावर लिहायचा आणि खाली सही ठोकायची. चोवीस वर्षं हेच करतेय. सैन्याचा नवा वायरलेस सेट आमच्या चाचणी विभागातून गेल्याशिवाय जवानांच्या हातात पडत नाही, आणि माझ्या कागदाशिवाय आमच्या दारातून बाहेर पडत नाही. पडत नव्हता, असं म्हणायला हवं. आता म्हणे सगळं पेटीलाच कळतं.

ही पेटी सहा किलोची. उघडायची, तिपाईवर अँटेना बसवायचा, बटण दाबायचं, की दहा मिनिटांत डोंगराच्या टोकावरून थेट मुख्यालयाशी बोलणं सुरू. नकाशे, फोटो, सगळं. कंपनीच्या इंजिनिअरला आम्ही टॅबवाला म्हणतो, कारण हातातला टॅब तो जेवतानासुद्धा खाली ठेवत नाही. तो मला म्हणाला, "मॅडम, पेटी स्वतः शिकते. कुठली फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ते तिचं तीच ठरवते." शिकू दे बापडी. मी म्हटलं, वेळेवर उठते का तेवढं सांग.

या पेटीची सगळ्यात जास्त घाई माझ्या धाकट्या भावाला होती. तो सिग्नलच्या तुकडीचा प्रमुख. सोमवारी त्याची तुकडी चार महिन्यांसाठी बर्फातल्या खिंडीत जाणार होती. जुना सेट बावीस किलोचा. अकरा वर्षं तो पाठीवर वाहून याच्या कमरेचं पार वाटोळं झालंय. चाळिशीही गाठली नाही, पण खुर्चीतून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर रोवतो, आमचे वडील सत्तरीत उठायचे तसा. पेटी पास झाली तर सोमवारी सहा किलो, नाहीतर पुन्हा बावीस. चाचणीही त्याच्याच तुकडीकडून होती. आदल्या दिवशी मला म्हणाला, "ताई, उगाच नाट लावू नकोस हं." मी म्हटलं, नाट मी लावत नाही, घड्याळ लावते.

नियम असा की पेटी बॅटरीसकट रात्रभर शीतगृहात, उणे वीस अंशांत ठेवायची आणि सकाळी तिथेच उभारायची. गुरुवारी सकाळी कोट-मोजे चढवून आम्ही आत गेलो. आमच्या विभागाच्या साहेबांनी शिट्टी वाजवली. मी बटण दाबलं. धाकट्याच्या तुकडीतल्या पोरांनी अर्ध्या मिनिटात अँटेना उभा केला, केबल लावली. भावानं पेटीचं बटण दाबलं.

काही नाही.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पेटी आपली ढिम्म. टॅबवाला म्हणाला, "बॅटरी गार आहे ना, ती आधी स्वतःला ऊब देते. तोवर सिस्टीम उठत नाही. डिझाइनच तसं आहे." माझी बोटं बधिर व्हायला लागली. चौतिसाव्या मिनिटाला हिरवा दिवा लागला, आणि त्यानंतर मात्र बाईसाहेबांनी भराभर सगळं केलं. त्रेचाळीस मिनिटं दहा सेकंदांनी मला "ऐकू येतंय" ऐकू आलं.

बाहेर आलो तर टॅबवाल्याचा चेहरा फुललेला. "नऊ मिनिटं दहा सेकंद! दहाच्या आत! पास!"

"नऊ? अरे, त्रेचाळीस!"

"मॅडम, नोंद पेटी ठेवते. तिच्या नोंदीत नऊच आहेत."

मला आधी कळेना. मग कळलं, आणि असा संताप आला की सांगता सोय नाही. पेटीचं घड्याळ पेटी जागी झाल्यावर सुरू होतं. ती झोपली होती ती चौतीस मिनिटं तिच्या लेखी घडलीच नाहीत. उशिरा उठणाऱ्या माणसालाच विचारायचं, बाबा रे, तू किती वेळ झोपलास? आणि तो म्हणेल ते लिहून घ्यायचं!

मी अहवाल भरायला बसले. यंदापासून अहवालही स्क्रीनवर. 'लागलेला वेळ' या रकान्यात नऊ-दहा आपोआप येऊन बसलेलं, राखाडी रंगात. खोडता येईना, बाजूला काही लिहिता येईना. शेऱ्याचा रकानाच काढून टाकलेला. मी साहेबांकडे गेले.

"अहो बाई, नवीन पद्धत आहे," साहेब म्हणाले. "माणसाच्या नोंदीत चुका होतात, म्हणून वरूनच ठरलंय. तुमचा कागद ठेवा फाइलला."

"साहेब, तिथं वर कुणाला गोळी लागली, तर हेलिकॉप्टर बोलवायला त्रेचाळीस मिनिटं थांबायचं का? जुना सेट सोळा मिनिटांत बोलतो."

"असं करू. उद्या एकदा पुन्हा घेऊ चाचणी. मग तर झालं?"

शुक्रवारी पुन्हा तेच कोट, तेच मोजे. शिट्टी वाजली आणि नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत आवाज! माझ्याच घड्याळावर! साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टॅबवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

चाचणी झाली की प्रत्येक वस्तूचा नंबर तपासून लिहायचा, हेही माझंच काम. बॅटरी काढून हातात घेतली. रात्रभर उणे वीसमध्ये पडलेली बॅटरी, आणि कोमट. उशीखालून काढल्यासारखी. मी भावाकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. कमरेचं दुखणं असलेला माणूस उगाच वाकत नाही.

जिन्यात गाठलं त्याला. "कुठे ठेवली होतीस?"

"काखेत," तो म्हणाला. "सकाळी पाहणीच्या नावाखाली आत गेलो आणि अर्धा तास कोटाच्या आत धरली. अगं, वर आम्ही सगळे हेच करतो. टॉर्चच्या सेललासुद्धा."

"मग तसं लिहून दे."

"लिहून दिलं तर म्हणतील, चाचणीत ढवळाढवळ केली. पेटी नापास, मी निलंबित. ताई, सोड ना. मी आहे ना तिथं? मी धरीन काखेत."

"आणि तुलाच लागलं तर? तू गार पडलास तर कोण धरणार?"

तो ओरडला, "तुला माझी पाठ दिसत नाही का गं? बावीस किलो! तू एकदा घेऊन बघ बावीस किलो!"

दिसत होती. तीच तर पंचाईत होती. मला रडूही येत होतं आणि त्याच्या एक मुस्कटात द्यावीशीही वाटत होती. कसला शहाणपणा हा? पेटीचा दोष यानं आपल्या अंगानं झाकला, आणि वर मलाच ऐकवतोय.

टेबलाशी परत आले. अहवालाचं एकच पान माझ्या हातात उरलं होतं: 'पेटी उभारण्यासाठी लागणाऱ्या वस्तू.' ही यादी मीच भरते, कारण चाचणीच्या वेळी मोजते मी. तेरा वस्तू भरून झाल्या होत्या. पेटी, बॅटरी, अँटेना, तिपाई, केबल, खुंट्या वगैरे. रागाच्या भरात मी चौदावी ओळ उघडली आणि लिहिलं: 'माणूस, जिवंत. बॅटरी अर्धा तास काखेत धरण्यासाठी.'

मला वाटलं, स्क्रीन ओरडेल. छे! गुणी बाळासारखे पुढचे प्रश्न आले. अत्यावश्यक आहे का? हो. नग किती? एक. वजन? बहात्तर किलो. साठवणुकीचं तापमान? सदतीस अंश. मी फडाफड भरत गेले. पुढे आलं: 'सुटे नग किती?' म्हणजे एक निकामी झाला तर बदलायला हाताशी किती.

तिथं मात्र माझा हात थांबला. आई गेली तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. त्याच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्यात. मी शून्य लिहिलं आणि पाठवण्याचं बटण दाबलं.

शनिवारी सकाळी साहेब तरातरा माझ्या टेबलापाशी आले. भांडारातून फोन होता. भांडाराच्या यंत्रणेनं पेटीची रवानगी आपणहून अडवली होती. कारण लाल अक्षरांत: अत्यावश्यक वस्तू क्रमांक चौदा, सुटे नग उपलब्ध नाहीत. जी यंत्रणा माझं घड्याळ वाचायला तयार नव्हती, ती एका शून्यापाशी अडून बसली होती.

"हा काय पोरखेळ लावलाय, बाई? वरून तीन फोन आले मला! उघडा ते पान. तिथं दोन-तीन काहीतरी टाका आणि मोकळ्या व्हा!"

मी उठले आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्हीच टाका साहेब. नग माझा भाऊ आहे. त्याच्या जागी सुटे किती ठेवायचे, तुमच्या हातानं लिहा."

साहेब बसले. यादी वाचली. चौदावी ओळ दोनदा वाचली असावी, कारण चष्मा काढून पुसला. मग बॅटरीचं सगळं मी सांगून टाकलं, काखेचंही. भावाची नोकरी जाईल का, हे मला माहीत नव्हतं. साहेबांचा हात कीबोर्डवर होता, पण एकही आकडा पडला नाही.

"तो त्रेचाळीस मिनिटांचा कागद," ते शेवटी म्हणाले, "फाइलला लावलात का अजून तुमच्याकडेच आहे?"

"माझ्याकडेच आहे."

"द्या इकडे. मीही सही करतो." कागद घेऊन ते दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि त्या शहाण्याला सांगा, पुन्हा शीतगृहात शिरलास तर तंगडं मोडीन."

पेटी कंपनीकडे परत गेली. सोमवारी पहाटे मी भावाला निरोप द्यायला गेले. बावीस किलो पाठीवर चढवताना दोघांनी हात दिला, तरी तो कळवळला. माझ्याशी धड बोलला नाही. "झालं तुझ्या मनासारखं?" एवढंच म्हणाला.

नाही झालं. माझ्या मनासारखं म्हणजे सहा किलोची पेटी, जी सांगितल्या वेळेला उठते. ती कुणीच केली नव्हती, आणि त्याचं ओझं भावाच्या पाठीवर होतं. मी त्याच्या पट्ट्याखाली लोकरीची घडी सरकवली. त्यानं ती काढून फेकली नाही.

गाडी हलताना तो खिडकीतून ओरडला, "वर पोचलो की पहिल्या शिव्या तुला घालणार आहे!"

"घाल," मी म्हटलं, आणि खिशातलं घड्याळ त्याला दाखवलं. "सोळा मिनिटांत घाल."